राहिलेली तपासणी

पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बोटांनी दाबत गोल फिरवली, बाहेर काढली आणि पुन्हा बुडवली.

"अहो, बसलं की ठिगळ! आता काय आंघोळ घालताय तिला?" गिऱ्हाईक कंटाळलं होतं.

"तीनदा बघितल्याशिवाय मी देत नाही," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा बुडवली.

गिऱ्हाईक सायकल घेऊन गेलं, तेव्हा पंक्चरवाल्याला दारात बायको दिसली. बारा दिवसांत ती दुकानाची पायरी चढली नव्हती. तिच्या हातात चार घड्यांचा, सोल्यूशनचा वास मारणारा एक कागद होता.

"छर्‍यांच्या डब्याखाली घरात सापडला," ती म्हणाली. "ऐका. नसबंदीनंतर तीन महिने दुसरी काळजी घ्यावी. नंतर वीर्याची तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत गर्भ राहू शकतो."

त्याने कानस उचलली आणि होती तिथेच परत ठेवली.

चार महिन्यांपूर्वी तोच मोठ्या ऐटीत ऑपरेशन करून आला होता. दोन मुली झाल्या, आता तुझ्या पोटाला सुरी नको, असं म्हणून. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. सिस्टरने कागद दिला, समजावूनही सांगितलं. पण डबीत नमुना द्यायचा म्हटल्यावर त्याचे कान असे तापले की पुढचं एक अक्षर आत शिरलं नाही. नस कापली म्हणजे कापली, संपला विषय!

विषय संपला नव्हता. बायकोला तिसरा महिना चालू होता. त्याने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं; बारा दिवस ताटावरून नजर न उचलता जेवत होता, एवढंच. विचारायचं काम त्याच्या आईने केलं. "नस कापलेल्याच्या घरात पाळणा कुठून आला गं?" आणि काल सुनेची माहेरची पिशवी काढून तिच्या पायाशी ठेवली.

"लोकांची ट्यूब तीनदा बघता," बायको म्हणाली, "आणि स्वतःचं एकदाही नाही? आज तपासणीला चला. त्यात काही सापडलं, तर मी सुटले."

त्याने दुकानाला कुलूप लावलं.

जाताना ती कॅरिअरवर बसली आणि तिने त्याचा शर्ट कमरेजवळ मुठीत धरला. नेहमीसारखा, घट्ट.

"सावकाश हाणा. आम्ही दोघं आहोत मागे," ती म्हणाली.

त्याला हसू येता येता राहिलं.

दवाखान्यात डबी दिली. तासभर ती दोघं बाकावर बसून राहिली. मधे एका माणसाची जागा होती. सिस्टर कागद घेऊन आली ती हसतच.

"झकास! एकही शुक्राणू नाही. शून्य. ऑपरेशन पक्कं झालंय, कायमचं."

बायकोने बाकाची कड धरली. सिस्टरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. तिचं हसू गेलं.

"कितवा महिना?"

"तिसरा."

"अहो, मग यात नवल काय? नस कापली तरी पुढच्या बाजूला आधीचे उरलेले असतात. ते निघून जायला तीन महिने लागतात. तुमचं दोन महिन्यांच्या आतबाहेर राहिलंय. म्हणून तर बजावलं होतं मी यांना."

"मग तेच लिहून द्या." बायकोने हात पुढे केला.

"आजचं लिहिलंय, ताई. तेव्हाचं कसं लिहू? तेव्हा हे आलेच नाहीत."

"म्हणजे तेव्हा होते की नव्हते?" त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"असणारच, दादा. पण आज कुठून दाखवू?"

त्याने कागद हातात घेतला. वाचण्यासारखं त्यावर एकच होतं, शून्य. त्याने तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

बाहेर सायकलीपाशी ती थांबली.

"आत्ता बुडबुडा येत नाही, म्हणजे पंक्चर नव्हतंच, असं गिऱ्हाइकाला सांगता का कधी?"

"नाही."

"मग?"

त्याने वाकून मागचं चाक दाबून पाहिलं. दगडासारखं टणक होतं. तरी पुन्हा दाबलं.

"कळतंय मला," तो चाकाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बाळ झालं की बघू. तोंडावळ्यावरून कळतंच."

ती कॅरिअरवर बसली. त्याने पायडल मारलं.

चौकापर्यंत रस्ता चांगला होता. पुढे खड्डा आला, सायकल उडाली आणि त्याला एकदम मागे ओझंच नाही असं वाटलं. त्याने वळून पाहिलं.

ती होती. दोन्ही हातांनी कॅरिअरची लोखंडी पट्टी धरून.