सपाट तारा आणि दुधाचं पातेलं

मी एक जुनी बास गिटार आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला घाणीची भारी शिसारी आहे. मित्रांनो, हे वाचताना तुम्ही काही खात असाल, तर आधी हात धुऊन या. मी थांबते.

आलात? बरं.

चार जाड तारा, लांब मान आणि खालच्या पट्टीतला आवाज, एवढंच माझं भांडवल. गाणाऱ्याकडे सगळे बघतात, ड्रमवाल्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण मी मध्येच थांबले, तर गाणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं.

मला घडवलं एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. जनावरांची कातडी उकळून केलेला सरस त्याने माझ्या अंगाला फासला, ही माझी जगातली पहिली आठवण. काय तो वास! माणूस मात्र हाताचा पक्का. इतर गिटारींच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. माझ्या मानेवर त्याने एकही पडदा बसवला नाही. नुसतं काळसर, गुळगुळीत लाकूड. तार दाबली की ती थेट लाकडावरच टेकते. म्हणून मला न्यायला आलेल्या तरुण वादकाला त्याने दम भरला, "हिला सपाटच तारा लावायच्या. दुसऱ्या लावल्यास तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

सपाट तार म्हणजे काय, ते सांगते. आमची तार एकेरी नसते. आत एक पोलादी तार आणि तिच्यावर दुसरी घट्ट गुंडाळलेली. वरची तार गोल असली, तर बोटाला स्क्रूच्या आट्यांसारखी लागते. ती राउंडवाउंड. आवाज झणझणीत, पण बोट सरकलं की चर्रकन ओरडते, आणि खालचं लाकूड कानशीसारखं घासून काढते. वरची गुंडाळी चपट्या पट्टीची असली, तर तार हाताला अगदी गुळगुळीत लागते. ती फ्लॅटवाउंड, आमची सपाट तार. तिचा आवाज गोल आणि गंभीर. आणि मुख्य म्हणजे तिच्या फटींत मळ साठत नाही.

तो तरुण वादक एका नाट्यगृहात वाजवायचा. रंगमंचासमोर खोलगट जागेत वादकांच्या खुर्च्या होत्या, त्यातली डावीकडची शेवटची त्याची. तेवीस वर्षं तो त्या खुर्चीत बसला आणि तेवीस वर्षं मी त्याच्या मांडीवर. वाजवण्याआधी साबणाने हात धुवायचा, वाजवून झालं की मला मऊ कापडाने पुसायचा. माणसाने असं वागावं. मग त्याच्या बोटांना संधिवात झाला, सांधे सुजले आणि खुर्ची सुटली.

मी गेले त्याच्या मुलीकडे. घरात तिला खारू म्हणतात, कारण एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. हात गुणी, कान तयार, पण तोंड! पहिल्याच आठवड्यात तिने बापाला सुनावलं, "बाबा, तुमच्या या म्हाताऱ्यांच्या तारा आहेत. मेल्यासारख्या वाजतात. मी मला हव्या त्या लावणार. आणि विचारल्याशिवाय मला काही सांगू नका."

"नाही सांगणार," बाबा म्हणाले. आणि खरंच, दोन वर्षं त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. ही विचारेना, ते सांगेनात. बाप तशी बेटी.

त्या दोन वर्षांचं काय सांगू? खारूने चकचकीत राउंडवाउंड तारा चढवल्या. एका हाताने वेफर्स खायची आणि त्याच हाताने मला वाजवायची. तेल, मीठ, घाम आणि बोटांची मेलेली कातडी त्या आट्यांमध्ये जाऊन बसली. महिन्याभरात तारांवर काळपट थर चढला. एकदा तर तिने शिंकून नाक हाताच्या पाठीला पुसलं आणि तशीच वाजवत राहिली. शी, शी, शी! मला हात असते तर मी नाक मुरडण्यावर थांबले नसते.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या तारा माझी मान खात होत्या. रोज थोडं थोडं लाकूड झिजत होतं. आणि बाबा शेजारच्या खोलीत बसून ती खरखर ऐकत होते.

अशात खारूला नाट्यगृहातून बोलावणं आलं. बाबांचीच खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती, पण आधी परीक्षा. नव्या नाटकात एक प्रसंग होता, सगळी वाद्यं गप्प, फक्त गायिका आणि मी. वाद्यवृंदाचे मास्तर डोळे मिटून ऐकत होते. गायिकेने हळुवार सूर लावला आणि खारूचं बोट सरकलं. चर्र! पुन्हा सरकलं. चर्र!

मास्तरांनी डोळे उघडले. "हे काय? गाणं चाललंय की कुणी पत्रा ओढतंय?"

खारूचे कान लाल झाले.

"तुझ्या वडिलांची खुर्ची म्हणून एक संधी आणखी देतो. शनिवारी दुपारी ये. असंच वाजलं तर खुर्ची दुसऱ्याची."

घरी येऊन पोरीने काय करावं? तिला वाटलं, मळामुळे आवाज येतोय. बास वाजवणाऱ्यांत एक अघोरी पद्धत आहे. तारा उकळायच्या! उकळल्या की मळ सुटतो आणि जुनी तार नव्यासारखी वाजते. खारूने माझ्या तारा काढल्या, स्वयंपाकघरात दिसेल ते पातेलं घेतलं आणि तारा रटरट उकळल्या. मी ओट्याला टेकून उभी, सगळं बघत होते. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी. वर तेलाचे तवंग आणि त्यांत तरंगणारे पांढरट कपटे. ते कपटे कसले, ते मी सांगत नाही. तुम्ही नुकतेच हात धुतलेत.

तेवढ्यात खारूची आई आत आली. "कसला वास हा? अगं, ते दुधाचं पातेलं आहे! त्यात मी दूध तापवते!"

"घासून देते ना."

"घासून? मी त्यात आता पायसुद्धा धुणार नाही!"

तारा पुन्हा चढल्या आणि खारूने बोट सरकवलं. चर्रर्र! मळाने थोडा तरी दबलेला आवाज आता मोकळा झाला होता. खारू मटकन खाली बसली. बाबा दारात उभे होते.

आईचा पारा चढला. "ही विचारणार नाही, तुम्ही सांगणार नाही, आणि मधल्या मध्ये माझं पातेलं गेलं! बोला की काहीतरी!"

बाबा ओट्यापाशी आले. शेवटी एवढंच म्हणाले, "मानेवर नख फिरवून बघ."

खारूने तारांच्या खाली नख घातलं आणि लाकडावरून आडवं ओढलं. खट्. खट्. खट्. दोन वर्षांपूर्वी गुळगुळीत असलेल्या लाकडात नख अडकेल अशा खाचा पडल्या होत्या. तिने पुन्हा फिरवलं. मग हात मागे घेतला आणि रडायला लागली.

मित्रांनो, मला तिचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्या दोघांच्या मानी स्वभावाची जेवढी किळस आली, तेवढी पातेल्यातल्या पाण्याचीही आली नव्हती. मळ उकळून जातो. लाकूड परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन दुकानात गेले. दुकानदार काडीने कान कोरत होता. त्याच बोटांनी त्याने सपाट तारांचे तीन संच माझ्यासमोर मांडले. देवा रे! खारूने पहिला उचलला, सगळ्यात जाड आणि ताठ. बाबांना खोकला आला. तिने तो ठेवला आणि दुसरा घेतला, चकाकणारा, पण तोही ताणाला कडक. बाबांना एवढी उबळ आली की दुकानदार म्हणाला, "काकांना पाणी देऊ का?"

तिसरा संच बारीक होता, ताण कमी. खारूने तार बोटांत धरून वाकवली, माझ्या मानेकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ही मान आता जास्त ओढ सहन करणार नाही." खोकला थांबला. दोघंही एकमेकांकडे न बघता छताकडे बघत होते.

शुक्रवारी सकाळी तारा चढवायला घेतल्या. सपाट तार खुंटीपाशी सरळ कापली, तर वरची पट्टी सैल पडते आणि तार कायमची मरते. खारूला हे ठाऊक नव्हतं. तिने जाड तार ओढून धरली, पक्कड उघडली. बाबांना खोकलाही येईना, ते खुर्चीतून अर्धवट उठले. दुकानात तो संच एकच होता आणि शनिवार उद्यावर आला होता.

पक्कड तारेवर टेकली आणि थांबली.

"बाबा," खारू म्हणाली, "अशीच कापू का?"

दोन वर्षांतला पहिला प्रश्न. बाबा जवळजवळ धावलेच. "नको, नको! आधी काटकोनात वाकव. वाकलेल्या जागेच्या पुढे काप. हां, अशी." सुजलेल्या बोटांनी त्यांनी तिचा हात धरून तार वाकवून दाखवली. दोघांचेही हात स्वच्छ होते, हे मी मुद्दाम पाहिलं.

शनिवारी नाट्यगृहात गायिकेने सूर लावला. खारूचं बोट सरकलं आणि फक्त सूर सरकला. खाचांपाशी आवाज अजून किंचित कापतो, तो तसाच कापला. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. प्रसंग संपल्यावर ते वहीत काहीतरी खरडत म्हणाले, "सोमवारी दहाला तालीम. उशीर चालणार नाही."

खारू मला कवटाळून रिकाम्या खुर्च्यांमधून बाबांकडे पळाली. तिच्या हातांना दरदरून घाम फुटला होता आणि तो सगळा माझ्या मानेवर!

"बाबा, दुसऱ्या ओळीला मी मागे पडत होते का?"

बाबा बोलायला लागले. मागे पडत होतीस, पण किंचित. तिथे श्वास घ्यायचा. गायिकेच्या ओठांकडे बघायचं. मनगट सैल ठेवायचं. दोन वर्षांचं साठलेलं सगळं ते बोलत होते, आणि ती "मग? मग?" करत होती. झाडूवाला त्यांच्या पायांभोवतून दोनदा झाडून गेला, तरी दोघांना पत्ता नाही.

मला मात्र पुसायचं कुणालाच सुचलं नाही. तशीच चिकट, घामट मी पेटीत गेले. मित्रांनो, अशा कारणासाठी एखाद्या दिवशी चालतं. पण तुम्ही माझ्यासारख्या कुणाला हाताळणार असाल, तर हात धुवा, आणि कापण्याआधी विचारा.