कडेनं मोजलेलं रान

माझा शेजारी हुस्रेफ डोलाच्या कडेकडेनं ढांगा टाकत चालला होता आणि मी त्याच्या मागून बडबडत चालले होते. डोल म्हणजे आमचं कुरण. डोंगरमाथ्यावर जमीन वाडग्यासारखी खचलेली, चहूबाजूंनी उतार, आणि तळाशी दगडांत एक भोक. पावसाचं पाणी त्या भोकात जातं ते कुठं निघतं, कुणाला ठाऊक नाही. पूर्वी सगळ्या गावाची गुरं तिथं चरायची. आता गवताची काडी नव्हती, नुसती लाल माती.

"खाली उतरून मोज की," मी म्हणाले. "कडंनं हिंडून काय कळतंय तुला?"

"मला शिकवू नगं, हस्निये. मिसरूड फुटल्यापास्नं रानं मोजतोय मी."

"सपाट मोजली असशील. ही वाटी हाय. वाटीचा काठ चाटून आत दूध किती ते कळतंय व्हय?"

तो ढांगा मोजत पुढं गेला. मीही मग जास्त ताणलं नाही. कारण खाली उतरायला मी तरी कुठं तयार होते?

लढाई संपली त्याच्या पुढच्या वसंतातली गोष्ट. हुस्रेफचा थोरला भाऊ मिर्झेत, त्याची गाय डोलात उतरली आणि तिच्यामागं तो उतरला. हुस्रेफ काठावर काठी घेऊन उभा होता. तळाशी सुरुंग पुरलेला. मिर्झेत जागीच गेला, गाय मात्र पाय मोडून पडली. तिच्या गळ्यातली घंटा दिवस मावळेपर्यंत वाजत होती. कुणाला खाली जाता येईना. काठावर सगळा गाव उभा, आणि खालून ती घंटा. मग ती थांबली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, त्यांनी घोंगडीत जे सापडलं ते वर आणलं. घोंगडी एका माणसाला उचलता आली. तेवढंच आम्ही पुरलं.

तेव्हापासून डोलाला तार लागली ती लागलीच. गुरंही काठाशी येऊन थबकायची. आणि संध्याकाळी वारा पडला की डोलातून घंटा ऐकू येते, असं गावात बोलतात. मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. पण मीही ऐकली आहे, आणि ऐकल्यावर आत जाऊन दाराला कडी घातली आहे.

गेल्या साली सुरुंग काढणारे आले. साखळ्या आपटत जाणारं एक यंत्राचं धूड त्यांनी डोलात सोडलं. त्यानं जमिनीची सालटी काढली, मुळासकट गवत गेलं. जाताना म्हणाले, आता इथं तान्ह्या पोराला निजवा, सगळं साफ झालंय. झालंच होतं साफ. गुरांना खायला काही शिल्लक नव्हतं.

आमच्या गावात आता चारच घरांच्या धुराड्यांतून धूर निघतो. त्यातलं एक शेम्साचं. शेम्सा म्हणजे मिर्झेतची बायको. तिची एकच गाय, रुमेंका. पोरगी ऑस्ट्रियात असते. ती फोनवर सारखी म्हणायची, कुरण नाही तर गाय कशाला, आणि गाय नाही तर तू तिथं एकटी कशाला? शेवटी शेम्सानं शब्द देऊन टाकला. वसंतापर्यंत डोलात गवत धरलं तर राहीन, नाही धरलं तर गाय विकून येईन. हे तिनं मला शेंगा सोलता सोलता सांगितलं, हातसुद्धा थांबला नाही तिचा. मला इतका राग आला की मी तशीच उठून घरी आले. समोरच्या खिडकीत दिवा दिसला नाही तर मी जगायचं कसं, हे तिला कोण सांगणार?

बोडकं रान झाकायची आमची रीत जुनी आहे. वरच्या माळावर वैरणीसाठी राखलेलं गवत बी धरलं की पहाटे दवात कापायचं आणि त्याच दिवशी, ओलं असतानाच, बोडक्या मातीवर पसरायचं. वाळवलं की बी वाटेतच गळतं. पसरायचं असं, की वर चिमणी बसली तर तिला मधूनमधून माती दिसावी. जाड पडलं तर खाली कुजतं, विरळ पडलं तर वारा नेतो. आणि हिशेब साधा, एक गडी एका पहाटेत जेवढं रान कापेल, त्या गवतानं तेवढंच रान झाकतं. हुस्रेफनं काठावरनं अंदाज बांधला, सहा गड्यांचं गवत लागेल. कुणी उलट विचारलं नाही. विचारलं असतं तर खाली उतरून दाखवावं लागलं असतं.

एका दिवसाच्या कामाला सगळ्यांना बोलावून इर्जिक घातली. खालच्या गावातले सोयरेही आले. गड्यांनी पहाटे विळेपाती चालवल्या, गवत घसरगाड्यांवर लादून बैलांनी डोलाच्या काठी आणलं. आम्ही बायका दाताळी घेऊन उभ्या. मी सांगितलं, तळापासून सुरू करा आणि वर या, नाहीतर पसरलेलं आपल्याच पायांनी तुडवाल. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळ्यांनी काठापासून सुरुवात केली. मीही.

सकाळी थट्टा चालली होती. हुस्रेफ गवत पसरतो की लेकीच्या लग्नात साखर वाटतो, असं कुणीतरी म्हणालं. पण जसजसे खाली उतरलो तसतशी तोंडं मिटली. आम्ही पसरलेल्या गवतावरच पाय ठेवत होतो. गवतानं काय वाचणार होतं? पण लाल मातीवर कुणी पाय टाकेना. दुपार कलली तेव्हा शेवटची घसरगाडी रिकामी झाली आणि तळाशी, त्या भोकाभोवती, अंगणाएवढा तुकडा उघडा राहिला. मिर्झेत पडला होता तोच.

हुस्रेफ दाताळं टेकून उभा राहिला. "कमी पडलं," तो म्हणाला. "उतार धरलाच न्हाई मी."

माळावरचं गवत संपलं होतं. घरोघरच्या गंजी वाळलेल्या, त्यांत बी कुठलं? आणि पश्चिमेकडून काळं भरून येत होतं. तो पाऊस उतारावरनं धावत येणार, उघड्या तुकड्यातली माती भोकात ओढणार आणि तिच्यामागून आमचं गवतही खेचून नेणार. हे काठावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

शेम्सा दिवसभर काठावरच होती. पीटा, म्हणजे सारण भरलेल्या पोळ्या, भाजत होती, ताक वाटत होती. खाली तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आता तिनं कुणाचा तरी विळा उचलला आणि डोलाकडं पाठ करून चालू लागली. मी तिच्यामागं धावले. ती दफनभूमीत शिरली.

तिथलं गवत आम्ही गुरांना घालत नाही. पानगळीत एकदा कापतो आणि कोपऱ्यात कुजू देतो. आता ते कंबरेएवढं उभं होतं, बियांनी वाकलेलं. शेम्सा मिर्झेतच्या दगडापाशी बसली आणि कापू लागली. तोवर हुस्रेफ आला, त्याच्यामागून मशिदीचे म्हातारे होजाही धापा टाकत आले.

"वहिनी, हितलं गवत गुरांच्या तोंडी जात न्हाई," हुस्रेफ म्हणाला. "रीत हाय आपली."

होजा म्हणाले, याचा निवाडा आपल्याला ठाऊक नाही, शहरात विचारावं लागेल.

"इचारा," शेम्सा म्हणाली. "तवर पाऊस यील." तिनं दगडावर हात ठेवला. "ह्यात अर्धाबी न्हाई तो. तुमीच पुरलावता ना, तुमास्नी ठावं हाय. बाकीचा खाली हाय, त्या मातीत. इतकी वर्सं मी अर्ध्या माणसाला भेटाया येते. दोन्हीकडं एकच गवत उगवू द्या."

होजांनी बाह्या सारल्या आणि पलीकडच्या दगडाकडं बोट केलं. "माझ्या बापावरलंबी घ्या," ते म्हणाले. मग कुणाला काही विचारायचं राहिलं नाही. प्रत्येकजण आपापल्या माणसाच्या दगडापाशी बसला.

गवत नेलं ते घोंगड्यांत बांधून. हुस्रेफनं एक गाठोडं खांद्यावर घेतलं आणि काठावर येऊन तो थांबला. शेम्सा त्याच्या पुढं झाली. पसरलेल्या गवतावरनं उतरली आणि ते संपलं तिथंही थांबली नाही. उघड्या लाल मातीवर तिची पावलं उमटत गेली. हुस्रेफनं तिच्या पावलांवर पाऊल ठेवत ते गाठोडं तळाशी नेलं. मग आम्ही सगळे गेलो. शेम्सानं ते गवत गुडघ्यांवर बसून, हातांनी पसरलं. मधूनमधून माती दिसेल इतकंच. शेवटची मूठ टाकली तेव्हा थेंब पडायला लागले होते.

त्या रात्री पाऊस कोसळला आणि मला डोळा लागला नाही. हिवाळाभर पोरीचे फोन येत राहिले. शेम्सा एवढंच म्हणायची, थांब जरा.

वसंतात डोलाचा उतार ठिगळाठिगळांनी हिरवा झाला. घाईत जिथं जाड टाकलं होतं तिथं कुजलं होतं, ते आमचं पाप. पण तळ असा दाट उगवला की भोक शोधावं लागलं. बारीक पात्याचं, दफनभूमीतलंच गवत. शेम्सानं पोरीला कळवून टाकलं, मी येत नाही. मग माझ्या घरी येऊन मला तेच सांगितलं. मी म्हणाले, बरं झालं, आणि चुलीकडं तोंड करून रडले.

पहिल्या वर्षी गुरं सोडायची नसतात, कोवळी मुळं उपटून येतात. उन्हाळा सरल्यावर, गवतानं मूळ धरल्यावर, शेम्सानं रुमेंकाला आणलं, एकटीला, घटकाभरासाठी. गाय काठाशी आली आणि थबकली, सगळी गुरं थबकतात तशी. शेम्सानं तिला हाकललं नाही. ती आपली पुढं होऊन उतरत गेली. गाय बराच वेळ उभी राहिली, मग तिच्यामागं गेली.

संध्याकाळ होत आली होती. हुस्रेफ आणि मी काठावर बसलो होतो. वारा पडला आणि डोलाच्या तळातून घंटा वाजली. हुस्रेफनं माझं मनगट धरलं, दुखेल इतकं जोरात. उठून पळावंसं वाटत होतं, तरी आम्ही दोघांनी खाली पाहिलं. या वेळी तिथं गाय होती.