सरांच्या रक्तातलं अक्षर

“आधी कच्चा डेटा बघायचा, स्वतःच्या डोळ्यांनी. निष्कर्ष कुठं पळून जात नाही,” असं तिचे पहिले मास्तर सांगायचे. मास्तरांना कधी पुरस्कार मिळाला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं त्यांच्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्यांची ही सवय तिला जडली ती जडलीच. म्हणून तर संगणकावर जनुकं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला ‘शंकाबाई’ म्हणत.

आताच्या सरांना शंका सोसत नसे. इतरांना सर्दी होते तसे सरांना शोध लागायचे. हवा बदलली की एक. यंदाचा शोध मात्र मोठा होता. धडधाकट, तरणीताठी माणसं हृदय बंद पडून अचानक जातात, त्याचं कारण सरांना एका जनुकात सापडलं होतं. डीएनएमधलं एकच अक्षर गळालेलं. ज्या घरांत असे मृत्यू झाले त्या सगळ्या घरांतल्या रक्तात ते अक्षर नव्हतं, निरोगी माणसांत मात्र शाबूत होतं. इतका स्वच्छ निकाल जीवशास्त्रात सहसा मिळत नाही. मिळाला तर शहाण्या माणसाला घाम फुटतो. सरांनी पत्रकार बोलावले.

गणित मांडलं होतं सरांच्या लाडक्या सहकाऱ्यानं. त्याला सगळे ‘जावई’ म्हणत, कारण त्याला कुणी काम सांगत नसे आणि तो रुसला की सर स्वतः त्याची समजूत काढत. शंकाबाईच्या वाट्याला शेवटी सजावट आली. गळालेल्या अक्षराचं एक देखणं चित्र काढून द्यायचं, परिषदेत पडद्यावर दाखवायला.

चित्र काढायचं म्हणजे कच्चा डेटा उघडणं आलंच. यंत्र डीएनएचे बारीक तुकडे वाचतं आणि संगणक ते एकाखाली एक रचून दाखवतो. त्या ओळी पाहिल्या आणि ती खुर्चीत सरळ बसली. अक्षर गळालं होतं ते एकच अक्षर पुन्हापुन्हा येणाऱ्या लांबलचक पट्ट्यात, जिथं जुनी यंत्रं हटकून अडखळतात. आणि तेही एकाच दिशेनं वाचलेल्या तुकड्यांत. उलट दिशेनं वाचलं की अक्षर जागच्या जागी! माणूस घरात नसेल तर पुढच्या दारानं डोकावा की मागच्या, तो नसतोच. हा मागच्या दारानं मजेत बसलेला दिसत होता.

“जावईबापू, दगावलेल्या घरांची रक्तं कुठल्या यंत्रावर वाचलीत?”

“आपल्या जुन्या.”

“आणि निरोगी माणसांची?”

“ती तयारच मिळाली ना दुसऱ्या संस्थेकडून. नव्या यंत्रावरची. का गं?”

“का गं काय! यांना एका तराजूत तोललंत, त्यांना दुसऱ्या. काट्यात फरक पडला तर म्हणताय माणसांतच फरक आहे. दुसऱ्या पद्धतीनं एकदा तरी पडताळलंत?”

“शंकाबाई, परिषद तोंडावर आलीय. तू चित्र काढ. निळ्यात काढ, सरांना निळा आवडतो.”

एवढ्यावर तिनं कदाचित नुसतं कपाळ बडवून घेतलं असतं. सरांचे कितीतरी शोध असेच आले आणि कुणाचं काही न बिघडवता विरून गेले होते. पण या शोधाला एक माणूस लटकलं होतं.

पोहायला शिकवणारी एक मुलगी होती. तिचा दादा धावता धावता मैदानातच कोसळला होता. रक्त द्यायला आली तेव्हा दंडावर कापूस दाबत ती म्हणाली होती, “ताई, काहीही निघालं तरी तुम्हीच सांगाल ना मला? खरं खरं? तुमचे सर बोलतात तेव्हा सगळं पटतं हो, पण घरी गेल्यावर काही म्हणजे काही आठवत नाही.”

“सांगेन,” असं तिनं कबूल केलं होतं. पण अहवाल सरांच्या सहीनं परस्पर गेला. अक्षर गळालेलं. मुलीचं पाण्यात उतरणं बंद झालं आणि हृदय थांबलंच तर झटका देणारं यंत्र छातीत बसवायचं ठरलं. ऑपरेशन परवा होतं.

तिनं मुलीच्या रक्ताचा उरलेला नमुना शेजारच्या प्रयोगशाळेत नेऊन दुसऱ्या पद्धतीनं वाचून आणला. अक्षर ठणठणीत. मग तिला आणखी एक सुचलं. जुन्या यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापून पहिलं रक्त दिलं होतं ते खुद्द सरांनी. तो डेटा अजून साठवणीत पडून होता. तिनं तो उघडून पाहिला आणि तडक सरांकडे गेली.

सरांच्या खोलीत शिल्डांची दाटी होती आणि कोपऱ्यात बॅडमिंटनची रॅकेट.

“सर, तुमच्यातही ते व्यंग आहे.”

“काय?”

“तुमच्या शोधाप्रमाणे तुम्ही तरुणपणीच जायला हवे होतात.”

सरांचा हात आपसूक छातीवर गेला. क्षणभरच. मग डोळे चकाकले. “म्हणजे माझ्यात त्याला पुरून उरणारं दुसरं काहीतरी आहे! रक्षक जनुक! अगं, हा तर दुसरा पेपर झाला!”

स्वतःच्या मरणाची बातमी ऐकूनही ज्याला पेपर दिसतो, त्याच्यापुढं यमानंसुद्धा हात टेकले असते. ती तशीच हळू आवाजात म्हणाली, “सर, यंत्र चुकलंय. त्या मुलीचं रक्त दुसरीकडे वाचून आणलंय मी. अक्षर आहे.”

“कुणाच्या परवानगीनं?”

“परवा तिचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलला कळवा.”

“परिषद होऊ दे. मग समिती नेमू. शास्त्रात घाई करून चालत नाही.”

पत्रकारांना बोलावताना हे शास्त्र कुठं फिरायला गेलं होतं कोण जाणे.

“आणि छातीत ते यंत्र बसलंच तर बिघडलं कुठं?” सर म्हणाले. “उलट सुरक्षित राहील.”

“तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून तिची छाती उघडायची?”

“हे बघ, तुझी पुढची नेमणूक माझ्याच सहीनं होते.”

“माहीत आहे, सर,” ती म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

तिनं मुलीच्या रक्ताची दोन्ही वाचनं थेट हृदयाच्या डॉक्टरांना पाठवली, मागोमाग फोनही केला. डॉक्टरांनी दोनदा खोदून विचारलं, मग म्हणाले, “ऑपरेशन थांबवतो. घरी कोण सांगणार? तुमचे सर?”

“नाही. मीच.”

तिनं फोन ठेवला. दोष नाही हे सांगणं सोपं होतं. पण त्या मुलीची आई अहवाल आल्यापासून म्हणे थोडी सावरली होती. लेक का गेला त्याचं निदान एक कारण तिच्या हाती लागलं होतं. आता तेही काढून घ्यायचं होतं. दादा का गेला ते आम्हाला माहीत नाही, एवढंच खरं उरत होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

तिनं संगणक बंद केला. पर्स खांद्याला लावली, आणि कुणाला काही न सांगता जिना उतरून ती त्या मुलीच्या घराच्या वाटेला लागली.