पंपाचा आवाज आणि फर्डिनंडचा कान

गाडी फाटकातून आत वळवताना आवाज येतो, असं बायकोने, रोझमेरीने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा फर्डिनंडने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्या घराण्यावरच ठपका ठेवला होता.

"कसला आवाज?"

"कण्हल्यासारखा. स्टिअरिंग फिरवलं की सुरू होतो, सरळ केलं की बसतो."

"जुनी गाडी आहे. थोडंफार बोलणारच."

जुनी म्हणजे चांगलीच जुनी. मुलगी टिफनी शाळेत होती तेव्हा घेतलेली. टिफनी शिकली, लग्न करून मीरा रोडला गेली, तिला मुलगी झाली, तरी गाडी वसईजवळच्या भुईगावात, अंगणातल्या चिकूच्या झाडाखाली उभी होतीच. हल्लीच्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर हलकं होतं, हिचं अजून तेलावर होतं. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा एक छोटा पंप, त्याच्या वर तेलाची डबी, आणि दोघांना जोडणाऱ्या नळ्या. एवढाच कारभार, आणि तो इतकी वर्षं निमूटपणे चालला होता.

आता फर्डिनंड म्हणजे काय असामी होती हे सांगायला हवं, नाहीतर रोझमेरीने एवढं मनाला का लावून घेतलं ते कळायचं नाही. सोनचाफ्याची आणि केळीची वाडी सांभाळून हा माणूस अख्ख्या गावाची यंत्रं ऐकत असे. बावखलावरची, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरची, पाण्याची मोटर कुरकुरली, कुणाचा मिक्सर ओरडला, स्कूटर खोकायला लागली, की लोक मेकॅनिककडे जायच्या आधी फर्डिनंडच्या अंगणात यायचे. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "बेअरिंग." किंवा, "बुश गेला." आणि तेच निघायचं. यासाठी त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. लोक मान डोलवायचे, तेवढ्यावर तो दोन दिवस खुशीत असायचा.

पण गेल्या वर्षभरात त्याची पद्धत बदलली होती, आणि ते फक्त रोझमेरीच्या लक्षात आलं होतं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, फळ्याकडे तोंड असतानाही मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते सांगणारी. तिने पाहिलं की फर्डिनंड स्क्रू ड्रायव्हर लावतो, डोळेही मिटतो, पण मग हळूच विचारतो, "तुला कसा वाटतो रे आवाज? घासल्यासारखा की ठोकल्यासारखा?" समोरचा भाबडेपणाने सगळं वर्णन करतो आणि फर्डिनंड त्या वर्णनावरून निदान करतो. अनुभव दांडगा, त्यामुळे बहुतेक वेळा बरोबरही निघायचं. शेजारच्या हिल्डाच्या मिक्सरचं चुकलं, तेव्हा त्याने मिक्सरच्या कंपनीला नावं ठेवली.

रोझमेरीला गाडीची फारशी काळजी नव्हती. पंप गेला तर दुसरा मिळतो. नवऱ्याला समोरचं बोलणं कळतं, पण बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे झालेत आणि तो ते कुणालाच, अगदी तिलाही, सांगत नाही, याने ती आतून पोखरली जात होती. चारदा ती बोलायला गेली आणि चारही वेळा त्याचा चेहरा बघून तिने विषय भाजीवर नेला.

आवाज वाढत गेला. वसईतल्या होळी नावाच्या बाजारात गाडी वळवताना माणसं मान वळवून बघायला लागली. शेवटी शुक्रवारी तिने त्याला वालीवला अल्पेशच्या गॅरेजमध्ये नेलंच. अल्पेश धंद्यात मुरलेला माणूस. त्याने बॉनेट उघडलं, फर्डिनंडला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. पंप असा काही रडला की शेजारच्या शेडमधला वेल्डरही उठून उभा राहिला.

"अंकल, ऐकताय ना?" अल्पेश म्हणाला.

"हो तर. ऐकतोय की," फर्डिनंड म्हणाला आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

रोझमेरीने ओळखलं. त्याला पंपाचा आवाज मुळीच ऐकू येत नव्हता. तो वेल्डरच्या चेहऱ्याकडे बघून मान हलवत होता.

"पंपच असणार," अल्पेश म्हणाला. "नळ्या पण बघाव्या लागतील. आज लगेच नाही होणार, सोमवारी ठेवून जा."

"तोवर मीच बघतो," फर्डिनंड म्हणाला.

शनिवारी सकाळी त्याने चिकूखाली बॉनेट उघडलं. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, ताण ठीक होता. तेलाची डबी थोडी उतरली होती, ती त्याने खुणेपर्यंत भरली. मग इंजिन सुरू करून खूप वेळ तसंच ठेवलं, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "गेला ना?"

रोझमेरी पायरीवर चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. गेला म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि दुपार सुखाची झाली असती. सोमवारी अल्पेशने पंप बदलला असता आणि फर्डिनंडचा मान फर्डिनंडपाशी राहिला असता. तिच्या तोंडावर तो शब्द आलाही होता. पण मग हा माणूस उरलेलं आयुष्य असाच लोकांच्या चेहऱ्याकडे बघून माना हलवत काढणार, हे तिला दिसलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला.

"नाही गेला. उलट वाढलाय."

"तुझ्या डोक्यात बसलाय तो आवाज!"

"असेल. पण गाडीतून येतोय," असं म्हणून ती उठली, शेंगांची परात बाजूला ठेवली आणि मडगार्डवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. "कुठे लावायचा?"

फर्डिनंड बघतच राहिला. त्या स्क्रू ड्रायव्हरला घरात कुणी हात लावत नसे. तो आता ओरडणार, असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "केस बांध आधी. बेल्टपासून हात लांब ठेव. तो खालचा वाटोळा पंप, त्याच्या पाठीवर टेकव."

तिने मूठ कानामागे लावली. फर्डिनंडने स्टिअरिंग फिरवलं. आवाज थेट कवटीत शिरला.

"कण्हतोय. आणि मधूनमधून गुरगुरतोय, घशात पाणी धरून गुळण्या केल्यासारखा."

"घासतोय का? कोरडा?"

"कोरडा अजिबात नाही. आणि ऐका ना, सकाळी तुम्ही गाडी मागे घेतलीत तेव्हा हा नव्हताच. तापल्यावर आला. रोज असंच होतं. बाजारात जाताना गप्प, येताना सुरू."

"तापल्यावर?" फर्डिनंड म्हणाला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

यावर रोझमेरीने जे उत्तर गिळलं, ते गिळायला तीस वर्षांची शिक्षकी कामी आली.

त्याने तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः डबीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. तिने स्टिअरिंग फिरवलं तसं तेलात बुडबुडे उसळले, वर पांढुरका फेस धरला.

"हवा धरलीय!" तो ओरडला. "पंप कुठला खराब! बावखलावरची मोटर हवा धरते तेव्हा बोंबलते की नाही? तसंच हे. ओढायच्या बाजूने कुठेतरी हवा आत जातेय."

ओढायची बाजू म्हणजे डबीतून पंपाकडे उतरणारी नळी. फर्डिनंडने बॅटरी काढून बाजूला ठेवली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तिथेच थांबला. मग त्याने क्लिप सैल करून, तेल वाटीत धरत, काळ्या टेपने गुंडाळलेला वीतभर तुकडा बाहेर काढला. टेप सोलल्यावर आतून हिरवा रंग दिसला.

तो वाडीला पाणी घालायचा पाइप होता. बसवणाऱ्याचं नाव विचारायची गरज नव्हती.

त्याचं असं आहे, की वसईच्या वाडीवाल्याला वाडीचा पाइप म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा इलाज. काही फाटलं, गळलं, निसटलं, की पाइपाचा तुकडा कापायचा, गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा, बसवायचा आणि क्लिप आवळायची. गणपतीत मूळ नळी ठिबकायला लागली, दुकान बंद होतं, म्हणून फर्डिनंडने तेच केलं होतं, दिसायला वाईट नको म्हणून वर टेपही गुंडाळली होती, आणि विसरून गेला होता. पण वाडीतलं पाणी गार असतं. गाडीचं तेल तापतं. तापलेल्या तेलाने तो तुकडा उकडलेल्या शेंगेसारखा मऊ झाला होता, पंपाने ओढलं की आत चेपायचा आणि क्लिपेखालून हवा घ्यायचा. ओढायची बाजू असल्याने तेल बाहेर फारसं गळायचं नाही, म्हणून डागही पडला नव्हता. ओरडून सांगायचं काम पंपाने एकट्याने केलं होतं.

"दोन महिने ओरडत असणार हा," फर्डिनंड पुटपुटला.

तो स्कूटरवर वसई स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि तेलाला टिकणारी जाड काळी नळी, नव्या क्लिपा आणि तेल घेऊन आला. जुनं तेल त्याने सगळं काढलं, कारण त्यात पाइपाचे हिरवट कण आले होते. डबीची जाळी धुतली. नळी बसवली, बॅटरी जोडली. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, रोझमेरीला स्टिअरिंग सावकाश या टोकाचं त्या टोकाला न्यायला लावलं. डबीत बुडबुडे वर येत होते, तो तेल घालत होता. बुडबुडे थांबले तेव्हा तिचे खांदे भरून आले होते.

मग जागा बदलल्या. तो स्टिअरिंगवर, ती पंपापाशी. इंजिन सुरू झालं. बराच वेळ चालू ठेवून, चांगलं तापवून त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. तिच्या कानामागे नुसती एकसारखी घरघर होती, कण्हणं नव्हतं.

"थांबला?" त्याने विचारलं.

"थांबला."

त्याने पुन्हा स्टिअरिंग फिरवलं. "नक्की? माझी समजूत घालायला म्हणत नाहीस ना?"

"सकाळी घातली का समजूत?"

फर्डिनंडने इंजिन बंद केलं. खाली उतरला, हात पुसायला लागला आणि पुसतच राहिला.

"मला तो आधीही ऐकू येत नव्हता, रोझमेरी."

"माहीत आहे."

"वालीवलाही नाही."

"तेही माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. यंत्र लावा म्हणाले तर लावायचं."

तो नाही म्हणाला नाही. तेवढ्यात मडगार्डवरचा त्याचा मोबाइल थरथरला. टिफनीची मुलगी इनेझ. शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यापासून ती रोज आजोबांना फोन करायची, आणि घरात रेंज नाही असं सांगून तो फोन घेऊन वाडीत जायचा. तिथून त्याचं हसणं तेवढं रोझमेरीला ऐकू यायचं. आजही तो दोन पावलं चालला, मग थांबला आणि माघारी आला.

"इनेझ, थांब जरा," तो फोनमध्ये म्हणाला. "आजोबांना नीट ऐकू येत नाही गं. छोट्या मुलांचं तर अजिबात नाही. आजीला देतो. तिला सांग, ती मला सांगेल."

रोझमेरीने फोन कानाला लावला. पलीकडचा बारीक, घाईचा आवाज थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. मग फर्डिनंडकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ती विचारतेय, मला न्यायला कधी येणार. रोज हेच विचारते म्हणे. तुम्ही हसता आणि हो हो म्हणता. ती बॅग भरून बसते."

"रोज?"

"रोज."

फर्डिनंडने तेलकट हाताने फोन घेतला आणि शेजारच्या वाडीतही कळेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "इनेझ! आत्ता निघतो! आत्ता!"

मग त्याने फोन पुन्हा रोझमेरीच्या कानाला लावला. "काय म्हणाली?"

"काहीच नाही," रोझमेरी म्हणाली. "फोन तसाच टाकून आईला सांगायला पळाली."