पाचवा ट्रॅक्टर

पुढच्या ॲक्सलवरच्या, ग्रीस भरायच्या निपलला टोपी नव्हती. वाटाण्याएवढी, लाल प्लास्टिकची टोपी — डावीकडे होती, उजवीकडे नव्हती — आणि नव्या कोऱ्या ट्रॅक्टरला ती नसावी याचं अंबादासला आधी वाईट वाटलं, आणि मग लगेचच बरं वाटलं. सापडलं काहीतरी. त्याने अंगठ्याने निपलचं तोंड पुसलं आणि बोटाला लागलेली धूळ विनीताला दाखवली. विनीताने मोबाइलमधून डोकं वर काढलं, बापाच्या बोटाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातलं. शिकवते त्या शाळेत सुट्टी टाकून ती त्याच्याबरोबर आली होती, आणि या शोरूममध्ये शिरून त्यांना दीड तास होऊन गेला होता.

चौतीस वर्षं तो जबलपूरच्या फॅक्टरीत तपासणीत होता. ट्रकचे भाग समोर येत, तो मापाचं गेज लावी. बसलं तर पुढे, नाही तर खडूची लाल फुली. वाद नाही, वशिला नाही. फुली मारली की माल मागे जायचा म्हणजे जायचा, आणि त्या फुलीसमोर कोणी त्याचं आडनाव विचारत नसे — म्हणजे विचारत असत, पण ते चहाच्या सुट्टीत, वळसा घेऊन, ‘गजभिये मतलब… कौन हुए आप?’ पण फुली ती फुली. ही सवय नोकरीबरोबर सुटली नाही. घरी आणलेला दुधीभोपळाही तो खिडकीशी नेऊन फिरवून पाहतो. मालनबाई म्हणते, “बरं झालं लग्नाच्या वक्ती तुमी नोकरीले लागले नोयते, नाईतं मले वापसच केलं असतं.”

हा पाचवा ट्रॅक्टर. पहिल्याचं हायड्रॉलिक नांगर उचलताना आचका देत होतं. दुसऱ्याची सीट इतकी खाली की बांधापलीकडून चालवणारा दिसूच नये. तिसरा गोहलपूरच्या एका गॅरेजातला, जुना, वरून रंग मारलेला. त्याचं इंजिन एकदा उघडलं गेलंय हे बोल्टांच्या कडांवरूनच कळत होतं. चौथ्यात मात्र काहीच निघालं नाही, सगळं ठीक होतं. म्हणून तो म्हणाला, रंग पसंत नाही. त्या दिवशी विनीता हसली होती. आज हसत नव्हती.

अठरा हॉर्सपॉवरचा होता हा. तीन एकरांना पुष्कळ. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. चारही चाकांना ताकद असलेला शेजारीच उभा होता, पण तो पेन्शनीत बसणारा नव्हता, आणि सेल्समनने ते अंबादासच्या चपलांकडे पाहूनच ओळखलं असावं, कारण त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

“अंकल, बैठ के तो देखिए.”

बसतो, असं अंबादास म्हणाला, आणि बसला नाही. टायरच्या नक्षीत बोट घालून खोली पाहू लागला.

तीन एकर… शहपुऱ्याच्या अलीकडे, सडकेपासून आत. बाप, डोमाजी, भंडाऱ्याकडे एका मालगुजाराच्या घरी सालगडी होता. मग जबलपूरला आला, रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर झाला, आणि मरेपर्यंत स्वतःच्या शेताबद्दल अशा आवाजात बोलत राहिला की ते कुठेतरी आहेच, फक्त पत्ता हरवलाय. रिटायर झाल्यावर अंबादासने ते शेत शोधून काढलं. नातेवाईक म्हणाले, वेडा झाला, प्लॉट घे, भाडं येईल. त्याने शेत घेतलं. कागद पाहिले, हद्द पावलांनी मोजली, माती चाखायची तेवढी बाकी ठेवली. शेजार तेवढा तपासायचा राहिला, आणि त्याला गेज नसतं.

तिकडे पावसाळाभर शेतात पाणी कोंडून ठेवतात. हवेलीची शेती म्हणतात तिला. दसऱ्याच्या सुमाराला वरच्या शेतापासून एकेक बांध फोडत पाणी खाली सोडायचं, आणि काळ्या मातीला वाफसा आला की चार-सहा दिवसांत नांगरून, हरभरा-गहू पेरून मोकळं व्हायचं. ते दिवस हातचे गेले की माती अशी आवळते की ढेकूळ हातोडीने फोडावं. अंबादासचं शेत सगळ्यांत खाली. सगळ्यांचं पाणी त्याच्यातून जाणार आणि त्याचं शेवटी उतरणार, तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टरही शेवटी येणार, हे ओघानेच आलं. हे तो मान्य करी. पण पाणी उतरल्यावरही आठ-आठ दिवस? दरवर्षी? सहाही वर्षं?

भाड्याने मिळणारा ट्रॅक्टर एकच होता, वरच्या शेतवाल्या पटेलचा, पन्नास हॉर्सपॉवरचा. आणि पटेल कधी वाईट बोलला नाही. हेच तर… वाईट बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. “कल पक्का, भैया जी,” हसून. मालनबाई थर्मासमध्ये चहा नेई. पटेलचा ड्रायव्हर पिई; पटेल छातीवर हात ठेवून म्हणे, “अभी-अभी पी के आया.” सहा वर्षांत तो माणूस एकदाही चहा न पिता शेतावर आला नाही.

आणि दसरा उलटला की म्हणे, “आपका नंबर तो आया था भैया जी, आप ही नागपुर में थे.” ते खरं होतं. दसऱ्याला गजभिये नागपूरला, दीक्षाभूमीवर. डोमाजीच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा गेला तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तो गेला नाही. मालनबाईला आणि विनीताला गाडीत बसवून दिलं आणि सकाळी सहाला डबा घेऊन बांधावर जाऊन बसला. वाफसा असा की माती मुठीत धरली तर वळावी आणि सोडली तर सुटावी. नऊ वाजले, बारा वाजले… तिकडे मैदानात आत्ता माणसांचा समुद्र असेल, मालन पुस्तकांच्या दुकानांशी घोटाळत असेल, विनी कंटाळली असेल, आणि मी इथे एका ट्रॅक्टरच्या आवाजाकडे कान लावून. दोन वाजता तो वर चालत गेला. पटेलच्या अंगणात ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा होता, बॉनेटवर झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. दसऱ्याला गावात चाक हलत नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट चौसष्टाव्या वर्षी त्याला नव्यानेच कळत होती, कारण आयुष्यातला प्रत्येक दसरा त्याने दुसऱ्या गावात, दुसऱ्याच कारणासाठी काढला होता.

“अरे भैया जी, आज? आज कौन चलाता है?” पटेल म्हणाला, आणि त्याने ताटलीतला पेढा पुढे केला. अंबादासने तो घेतला. खाल्ला. घरी सांगितलं ते एवढंच की ट्रॅक्टर आला नाही. पेढ्याचं सांगितलं नाही… माझा चहा त्याला चालला नाही आणि त्याचा पेढा मी खाल्ला, वर धन्यवाद म्हणालो. स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा, हे ठरलं ते त्या दिवशी.

“बाबा, बसा ना एक बार,” विनीता म्हणाली. “वो बेचारा कब से बोल रहा है.”

तो चढला. सीट उंच होती, हात आपोआप स्टिअरिंगवर गेले, सेल्समनने किल्ली फिरवायला सांगितली आणि खालून आलेली थरथर तळपायांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून थेट छातीत शिरली. मागच्या पटांगणात त्याने एक फेरी मारली, मग न विचारता दुसरी. क्लच हलका. वळण एवढं छोटं की बोरीच्या झाडालाही वळसा घालून निघेल. किती सोपं होतं! वाफसा आला की त्याच सकाळी, कोणाला न विचारता, फोन न करता, ‘कल’ न ऐकता… त्याच्या तोंडून हसू फुटलं, आणि दारात उभ्या असलेल्या विनीताने मोबाइल उचलून त्याचा फोटो काढला.

फेरी संपवून तो थांबला तिथे बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता, आपला ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला देऊन वाट पाहत. त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि सहज विचारलं, खेत कहाँ? शहपुरा तरफ, अंबादास म्हणाला. हवेली का? हाँ. म्हातारा उठून मागच्या चाकाशी आला, टायरवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

“मशीन अच्छी है,” तो म्हणाला. “गीले में फँसेगी. हल्की है न, और दो चक्के की. कोई बात नहीं, पड़ोस में किसी का बड़ा तो होगा? चेन बाँध के खींच लेगा.”

तो चांगल्या मनाने बोलत होता. कोणालाही बोलला असता.

पटेल स्वतः येईल. ड्रायव्हरला पाठवणार नाही, स्वतः येईल, हसत — “बोल देते भैया जी, हम तो हैं ही.” साखळी अडकवायला मी चिखलात वाकेन. बांधावर गाव उभं असेल, कोणी हसणार नाही, सगळे सल्ले देतील. आणि माझा नवा ट्रॅक्टर माझ्याच शेतातून उलटा ओढला जाईल, चाकं न फिरता, आणि सडकेला लागल्यावर मी म्हणेन, चहा घ्या. आणि तो म्हणेल…

इंजिन चालूच होतं. त्याने किल्ली फिरवून ते बंद केलं. हे म्हाताऱ्याने सांगायची गरजच नव्हती, कारण हे अंबादासला माहीत होतं. पहिल्या ट्रॅक्टरपासून माहीत होतं. हायड्रॉलिकचा आचका, खालची सीट, बोल्टांच्या कडा, रंग, आणि आजची ती टोपी, जी कोणत्याही दुकानात रुपया-दोन रुपयांत मिळाली असती… एकालाही त्याने त्या-त्या दोषासाठी फुली मारली नव्हती. पाचांतला प्रत्येक ट्रॅक्टर त्याने मनातल्या मनात त्या साखळीला बांधून पाहिला होता.

सेल्समन फॉर्म घेऊन आला. “तो बुक कर दें अंकल? बीस दिन हैं. दशहरे पे डिलीवरी, पूजा-वूजा सब हम करा देंगे.”

“पाहू,” अंबादास म्हणाला.

विनीता ट्रॅक्टरच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिला मराठी समजायची सगळी, बोलताना वाटेतच संपायची.

“बाबा, एक विचारू? गुस्सा मत करना. तुम्हाला ट्रॅक्टर पाहिजे… या फिर पटेल अंकलनी तो पाहिला पाहिजे?”

“काहून असं विचारून राहिली तू?”

“क्योंकि आप हर बार वही देखते हो. बांधावरून कसा दिसते.”

तो चिडला. निदान चिडायला लागला. आधी तिच्यावर, मग सवयीने पटेलवर — सुरुवात चहापासून करायची, मग ‘कल पक्का’, मग नागपूर, मग अंगणातला दसरा — पायाखालची वाट होती ती, सहा वर्षांत इतकी तुडवलेली की डोळे मिटून जावं. आज ती अर्ध्यातच संपली. पटेल चुकलेला होता, आजही चुकलेलाच होता. त्याचं काहीच माफ होण्यासारखं नव्हतं. पण पटेल आत्ता आपल्या ओसरीवर आरामात बसला असेल, आणि त्याच्या डोक्यात अंबादास गजभिये नावाचं कोणी नसेलही. आणि इथे, साठ किलोमीटरही नाही, पेन्शन असलेला, घर असलेला, शिकलेल्या मुलीचा बाप असलेला एक माणूस दोन वर्षं ट्रॅक्टर पाहत फिरला तो त्या पटेलच्या डोळ्यांनी. सीटवर कोण बसलंय हेही त्याने त्याच डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ती दुसरी फेरी, न विचारता मारलेली… तीही बांधावरच्या कोणाला तरी दाखवण्यासाठीच होती का? नाही. ती नव्हती. तेवढी एक नसावी, असं त्याला फार वाटलं.

डोमाजी सांगायचा, मालगुजार सकाळी ओसरीवर आला की आम्ही आधी त्याचं तोंड पाहायचो. ते कसं आहे त्यावर आमचा दिवस कसा जाणार ते ठरायचं. सांगताना त्याला लाज वाटत नसे. पोटासाठी पाहायचो, म्हणायचा, अन् तू शिक म्हणजे तुले पाहा नाही लागणार.

“अंकल?” सेल्समनने पेन पुढे केलं होतं. विनीताला बहुतेक विचारल्याचं वाईट वाटत होतं. अंबादासने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. उतरायला हवं होतं. नाही तर सही करायला हवी होती. बा पोटासाठी पाहत होता… आणि माझं पोट तर केव्हाचं भरलेलं होतं.