कानोरचं ताट

सालूदने झाकण काढलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचा भात गायब! पातेल्याच्या तळाला चार शितं चिकटलेली, बस्स.

"कानोर! भात कुठंय?"

मागच्या ओट्यावर कोंबडा मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही. "खाल्ला."

"सगळा?"

"दुपारी भूक लागली."

आता काय म्हणावं या माणसाला! लसणावरचा भात शिळ्याचाच होतो, ताज्याचा नुसता गिचका होतो, हे काय त्याला नव्याने सांगायचं? आणि नेमका आजच हात मारायचा त्याच्यावर? आज त्यांची लेक रोवेना निघायची होती. आधी मनिला, मग मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण. शेजारचा बेरतो गाडी घेऊन दिवेलागणीला येणार होता, आणि त्याआधी जेवणं उरकायला हवी होती. वाढलेली नव्हे, उरकलेली. ताटं धुऊन पालथी घातलेली.

जेवण अर्ध्यावर असताना घरातलं कुणी प्रवासाला निघालं, तर मागे जेवत राहिलेल्या प्रत्येकाने आपलं ताट जागच्या जागी एकदा फिरवायचं. मग वाटेत त्याला काही होत नाही. त्यांच्या लिपा गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. सालूदचा थोरला, देल्फिन, असाच घाईने भरल्या ताटावरून उठला होता. सालूदने ताट फिरवलं, रोवेनाने फिरवलं. कानोर मात्र हसला. "म्हाताऱ्यांचं खूळ," म्हणाला आणि घास घेत राहिला. देल्फिनची बोट पलीकडच्या बेटाला पोचलीच नाही.

त्यावर या घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सालूदच्या ओठांवर रोज यायचं आणि ती रोज गिळायची.

तिने नवा भात टाकला. शिजल्या शिजल्या परातीत पसरला आणि टेबलपंखा त्याच्यावर सोडला. रोवेना आंघोळ करून आली, तर आई भाताला वारा घालतेय.

"अगं आई, त्याला काय ताप आलाय?"

"हसू नकोस. लसूण ठेच."

गोमांसाच्या पातळ चकत्या कालपासून सोया सॉस, कलामान्सी लिंबाचा रस, साखर आणि मिरीत मुरत पडल्या होत्या. सालूदने त्या तव्यात टाकल्या. आधी त्यांना पाणी सुटलं, मग ते आटलं, मग कडा काळपट होऊन चरचरायला लागल्या. तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. रोवेनाने दुसऱ्या कढईत लसूण लाल केला आणि भात घातला. अजून कोमटच होता. झाला गोळा.

"असला भात जहाजावर दिला ना, तर खलाशी मला उचलून समुद्रात..."

रोवेना मधेच थांबली. ओट्यावरचा कोंबड्यावरून फिरणारा हातही थांबला. सालूदने उलथन्याने भात इतका जोरात फोडला, की शितं जमिनीवर उडाली.

"अंडी तळ," ती म्हणाली. "लवकर."

बाहेर ऊन उतरलं होतं. सालूदने तीन ताटं मांडली. मांस, भात, वर अंडं, बाजूला मिरची घातलेल्या व्हिनेगरची वाटी.

"कानोर, चल."

"मला भूक नाही."

"पोरगी चाललीय तुझी! आणि तू कोंबडा कुरवाळत बसलायस? दगड आहेस की माणूस?"

"जेवा तुम्ही."

"ऊठ म्हणते ना!"

"नाही म्हटलं ना एकदा!" कानोर ओरडला. कोंबडा फडफडत खाली उडाला. मग त्याचा आवाज एकदम बसला. "माझं ताट नको तिथं, सालूद. ताटच नसलं, की फिरवायचं राहून जाणार नाही."

सालूदच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणजे दुपारी भूक नव्हतीच मेल्याला. संध्याकाळी कुणी बोलावू नये म्हणून थंडगार भात एकट्याने कोंबला होता. इतके दिवस ती ज्या रागावर जगत आली होती, तो राग याने केव्हाच स्वतःवर ओढून घेतला होता. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा संताप आला.

"बस गं तू," ती रोवेनाला म्हणाली. "भरभर जेव. बोलू नकोस."

दोघी मुकाट्याने जेवू लागल्या. रोवेना न चावताच गिळत होती. तिचं निम्मंही झालं नव्हतं आणि भोंगा वाजला. बेरतो! आयुष्यात हा माणूस कधी वेळेवर आला नाही, आणि आज वेळेआधी!

"आई, रस्त्यात गर्दी आहे म्हणतोय तो."

रोवेना उठली. सालूदने लगेच आपलं ताट धरून फिरवलं. रोवेनाने बॅग उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

"बाबा, तुमचं?"

"तुझी आई फिरवतेय की."

"तुम्ही फिरवल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. गेली नोकरी तर जाऊ दे."

भोंगा पुन्हा वाजला. कानोर ओट्यावरून उठला. आत आला, पँटला हात पुसत खुर्चीवर बसला. सालूदने तिसरं ताट त्याच्यापुढे सरकवलं. तो लगेच फिरवणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"आधी घास घे. न जेवलेलं ताट चालत नाही."

त्याने चमचा भरला. भाताचा गोळा तोंडात घातला, मांसाचा तुकडा घातला. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"चांगलं झालंय," तो रोवेनाला म्हणाला. "तुला कुणी समुद्रात टाकणार नाही. जा आता, पोरी."

तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि कानोरने दोन्ही हातांनी ताट फिरवलं. सावकाश, पूर्ण. गाडीचं दार लागलं, इंजिनाचा आवाज वळणापलीकडे गेला. कानोरने ताटावरचे हात काढले नाहीत. तो पुन्हा फिरवायला लागला.

"अरे, एकदा पुरे असतं," सालूद म्हणाली.

"एक मागचं राहिलंय."

सालूदने व्हिनेगरची वाटी बाजूला केली, त्याच्या ताटाला जागा व्हावी म्हणून.