एकोण म्हणजे एक उणा

कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात गुणांचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यामुळे कोण किती पाण्यात आहे, ते त्यांच्याआधी मला कळतं. पॅकिंगमधल्या अकरा बायकांना वजनकाट्यावर बढती हवी होती. परीक्षा दिसायला साधी: साहेब आकडे बोलणार, बायकांनी ते लिहायचे, चाळीसपैकी छत्तीस बरोबर हवेत. माझी वहिनी दोनदा आपटली होती, दोन्ही वेळा तेहतीसवर. तिसरी संधी शेवटची; नाहीतर जन्मभर खोक्यांना चिकटपट्टी.

जुने मास्तर चुकलेला आकडा शंभरदा लिहायला लावत आणि स्वतः डुलकी काढत. ‘यांच्या डोक्यात भुसा आहे,’ हा त्यांचा अहवाल. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शिकवायला नव्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे नापासांचे पेपर मागितले.

“गुण रजिस्टरात आहेत की.”

“गुण नकोत, चुका हव्यात.”

पेपर पसरून त्या वहिनीला म्हणाल्या, “हे बघा. एकोणपन्नासला ५९, एकोणसत्तरला ७९. बाकी सगळं चोख!”

“पन्नास ऐकलं की हात पाच लिहून मोकळा होतो, बाई.”

“मग हाताला जरा थांबवू. एकोण म्हणजे एक उणा.”

त्यांनी फरशीवर खडूने आकडे आखले. वहिनी पन्नासवर उभी राहिली, एक पाऊल मागे आली, तिने खाली पाहिलं. ४९.

“अगं बाई! एवढंच होतं?”

महिनाभर अकराजणी उलट्या चालत होत्या. मी म्हटलं, “वहिनी, बढती मागच्या दाराने घेताय वाटतं!”

“भावजी, तुम्ही तुमचं रजिस्टर सांभाळा.”

परीक्षेत साहेब “एकोणसाठ” म्हणाले आणि बाकांखाली अकरा पाय एकदम मागे सरकले. साहेबांच्या भुवया वर गेल्या. पेपर तपासले, तर अकराही पास!

“पायांच्या खुणा ठरवल्यात!” त्यांनी वहिनीला फळ्यापाशी बोलावलं. “लिहा, नव्व्याण्णव!”

वहिनीचा पाय जागचा हलला नाही. तिने ९९ लिहिलं.

“आता का नाही मागे गेलात?”

“ह्याच्यात एकोण कुठंय, साहेब?”

साहेबांनी वहिनीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि निकालावर सही ठोकली. मी तो वाचायला उभा राहिलो.

“भावजी,” वहिनी म्हणाली, “जरा मोठ्याने. खाली पॅकिंगपर्यंत जाऊ दे!”